परिषदेला धाडलेला कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी पास. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची तालुक्याला, नि तिथवर मुलीला कोण धाडणार? मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही परिषदेला कागद पाठवलात, तो कसा, तेवढेच सांगा." म्हणून तेवढेच सांगते.

मंडळाचा दुपारचा वाचनवर्ग आपल्याला ठाऊक आहेच. 2023 सालच्या जून महिन्यात तो सुरू झाला, तेव्हा एकोणीस जणींनी नावे दिली होती. माझी भाची अध्यापक महाविद्यालयात शिकवते. ती सुट्टीत आली असता वर्गात दोन दुपार बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "मावशी, वाचन आणि साक्षरता यांवर एक परिषद भरते. तिथे बोलायचे तर आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. तू पाठव." मी हसले. भाकरी थापता थापता मनात मात्र तोच विषय घोळत राहिला.

प्रस्ताव म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हते. आपण काय केले, कशासाठी केले, कसे केले, त्यातून काय आढळले आणि इतरांना त्याचा उपयोग काय, हे ठरावीक शब्दांत लिहायचे. आम्हाला तीनशे शब्दांची मर्यादा होती. तो दोन-तीन परीक्षक वाचतात आणि गुण देतात. लिहिणारीचे नाव परीक्षकांना कळू द्यायचे नाही. ते वेगळ्या पानावर द्यायचे. मजकुरात कुठे नाव आले, तर कागद न वाचताच परत. मला हे फार आवडले. नाव नाही म्हणजे सातवीही नाही.

दोन रात्री जागून मी पहिला खर्डा केला. त्यात सावित्रीबाई आल्या, 1848 सालची पुण्यातली शाळा आली. 1951 च्या शिरगणतीत आपल्या देशात शंभरांत नऊ बायकासुद्धा साक्षर नव्हत्या आणि 2011 साली महाराष्ट्रात शंभरांत पंचाहत्तरांच्या वर झाल्या, हेही आले. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ते लिहिले. शेवटी सर्वांचे आभार मानले. भाचीने तो वाचला, पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ मारली. "मावशी, हे परीक्षकांना ठाऊक आहे. तुझ्या वर्गात काय झाले, ते त्यांना ठाऊक नाही. ते लिही." राग आला मला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पटले.

मग मी वही उघडून बसले. माझी एक गोष्ट लिहिण्याजोगी होती. आमच्या बायका पहिले अक्षर ओळखायच्या आणि पुढचे अंदाजाने म्हणायच्या. एकजण सांगलीला लेकीकडे निघाली आणि 'सा' पाहून साताऱ्याच्या गाडीत चढली. त्यापुढे मी फळ्यावर जोडीजोडीनेच शब्द लिहू लागले: सांगली-सातारा, करंजी-करवंद, वीज-वीट. शेवटच्या अक्षरापर्यंत डोळा नेला तरच उत्तर बरोबर यायचे. लाइट बिल, रेशनकार्ड, एस.टी.ची पाटी, हीच आमची पुस्तके. हे सगळे मी लिहिले, आणि ते चांगले झाले असे अजूनही वाटते.

पण पुढे रकाना होता: किती जणी आल्या, किती जणी शिकल्या? एकोणीस आल्या होत्या. शेवटपर्यंत आठ राहिल्या. भगिनींनो, खोटे सांगत नाही, मी आधी 'आठ जणींचा वर्ग' असे लिहिले. आठच्या आठ वाचायला शिकल्या, म्हणजे शंभर टक्के! कागद किती देखणा दिसत होता. भाचीने विचारले, "बाकीच्या अकरा कुठे गेल्या?" मी म्हटले, "कंटाळल्या." ती म्हणाली, "तू विचारलेस?"

मी विचारले नव्हते. मग चार दुपार घरोघर फिरले. चौघी खुरपणीला जात होत्या, त्यांची सुट्टी पाचला आणि आपला वर्ग तीनला. दोघींच्या घरी सुनेचे बाळंतपण. एकीच्या मालकांना पसंत नव्हते, ते तिने चहा देता देता हळूच सांगितले. राहिलेल्या चौघी वेगवेगळ्या घरांतल्या, पण चौघींचे उत्तर एकच. "अहो बाई, अक्षरे दिसतच नव्हती. मुंग्या चालल्यासारखे दिसायचे." त्यांतल्या एकीला मी वर्गात सगळ्यांदेखत म्हटले होते, "जरा डोके चालवा." ती मान खाली घालून गेली ती परत आली नाही. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे मला ठाऊक नव्हते का? मी स्वतः सुईत दोरा ओवताना हात लांब धरते! तरी वर्गात सुचले नाही.

त्या अकरा जणी मी प्रस्तावात घातल्या. माझे ते वाक्यही घातले.

आता नावाची गोष्ट. आपल्या भाजीवाल्या आजी वर्गात सगळ्यांत मोठ्या. स्वतःचे नाव लिहायला त्यांना सात आठवडे लागले. त्यातला रफार काही केल्या बसेना. मी कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारले, "यात माझे नाव कुठे आहे?" मी नियम सांगितला. शिकणारीचेही नाव द्यायचे नसते, तिची आब राखण्यासाठी. त्या म्हणाल्या, "जन्मभर अंगठा दिला, तेव्हा कुणी नाव विचारले नाही. आता लिहिता येते, तर म्हणता झाका." यावर मला उत्तर सुचले नाही. भाचीलाही नाही. शेवटी मंडळाच्या दप्तरात ठेवलेल्या प्रतीच्या पाठीमागे आजींनी सही केली, रफारासकट. परिषदेला गेलेल्या प्रतीवर ती नाही. ते बरोबर झाले की चूक, मला अजून कळलेले नाही.

तीन महिन्यांनी उत्तर आले. प्रस्ताव नामंजूर. एका परीक्षकांनी लिहिले होते की, याला संशोधनाची चौकट नाही. खरेच आहे, चौकट म्हणजे काय, ते भाचीने मला नंतर दोनदा समजावले. दुसऱ्यांनी लिहिले होते की, वर्ग सोडून गेलेल्या अकरा जणींचा भाग सर्वांत मोलाचा आहे, पण तो चारच ओळींत उरकला आहे. मी ते पत्र देवघराजवळच्या फळीवर ठेवले. घरातल्यांनी विचारले, "नापास झालीस ना?" झाले खरी.

यंदा पुन्हा पाठवला आहे, निकाल यायचा आहे. या वेळी विषय तेवढाच: चष्मा. वर्ग आता रात्री जेवणे आटोपल्यावर भरतो. चौघींपैकी दोघी चष्मा लावून परत आल्या. जिला मी बोलले होते, ती त्यांत नाही. तिच्याकडे दोनदा जाऊन आले, संक्रांतीला पुन्हा जाईन.

तेव्हा एवढीच विनंती. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आपल्या सभागृहात डोळे तपासायला माणूस येतो. तुमच्या सासूबाई, शेजारीण, धुण्याभांड्याच्या बाई, ज्या कुणी कागद हाताच्या अंतरावर लांब धरतात, त्यांना घेऊन या. नाव नोंदवायची वही दाराशी आजींकडे आहे. त्या लिहून घेतील, जरा वेळ लागेल.