धार-देवासचे विद्यार्थी आणि दूरचा वर्ग

परीक्षा म्हटली म्हणजे ओळीने मांडलेली बाके, फळ्यावर लिहिलेली वेळ आणि पाठीमागे हात बांधून फिरणारे पर्यवेक्षक असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. 2020 सालच्या सप्टेंबरात मध्यप्रदेशातील पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जी परीक्षा दिली ती या चित्रात बसणारी नव्हती. प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर उतरत होती. उत्तरे घरी, पुस्तके उघडी ठेवून, स्वतःच्या हाताने लिहावयाची होती, आणि लिहून झालेले कागद जवळच्या संकलन केंद्रावर नेऊन द्यावयाचे होते. प्रश्न वाऱ्यावरून आले आणि उत्तरे सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून गेली! पुढे ‘मिश्र शिक्षण’ या नावाने ज्याची एवढी चर्चा झाली, त्याचा पहिला प्रयोग धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत अशा रीतीने, कोणी तसे नाव न देता, पार पडला.

या प्रसंगाला आणखी एक बाजू होती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात माळव्यात सोयाबीनची कापणी सुरू होते. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवसांत एकही हात रिकामा ठेवणे परवडत नाही. मुलगा धारला किंवा देवासला खोली घेऊन राहिलेला असला, म्हणजे ‘परीक्षा आहे’ हे कारण घरच्यांना आपोआप पटते. तोच मुलगा ओसरीवर कागद घेऊन बसलेला दिसला, की तो रिकामाच दिसतो. उघड्या पुस्तकाची परीक्षा सोपी, असे शहरातील पुष्कळांना वाटले. परंतु दिवसभर शेतात राबून रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तीन तासांचा पेपर लिहिणाऱ्याला ती तितकीशी सोपी गेली नसणार. त्यातून पदवी हाती आल्यावर ‘ही कोविडची पदवी’ म्हणून थट्टा ऐकावी लागली ती निराळीच.

माळव्याला दूरस्थ शिक्षण वस्तुतः नवे नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘देशव्यापी वर्ग’ या धर्तीचे कार्यक्रम दूरदर्शनवर 15 ऑगस्ट 1984 पासून दिसू लागले होते, आणि असे कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांपैकी एक इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातच आहे. 1991 साली मध्यप्रदेशाने मुक्त विद्यापीठ स्थापिले तेव्हा त्याला नाव दिले ते राजा भोजाचे, म्हणजे धारच्याच राजाचे. विद्यापीठ भोपाळला राहिले, नाव मात्र धारचे. पुढे 2017 च्या जुलैत केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे दालन उघडले. सारांश, साधने होती. परंतु ती ज्याला हवी त्याने घ्यावी अशी होती, आणि घेणारे थोडे होते. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी आली आणि जे ऐच्छिक होते ते एका रात्रीत अनिवार्य झाले.

त्या वेळी घरोघर काय होते, याचा अंदाज राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकड्यांवरून येतो. देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक होता तो शेकडा 4.4 घरांत आणि इंटरनेटची सोय होती ती शेकडा 14.9 घरांत. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे 23.4 आणि 42 होते. दोन-तीन वर्षांत मोबाइल वाढले हे खरे, परंतु घरात एक मोबाइल असणे आणि विद्यार्थ्याच्या हाती मोबाइल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडील मंडईला निघाले की वर्ग त्यांच्या खिशातून निघून जातो. दोन भावंडे शिकत असली की एकाने तास ऐकावा आणि दुसऱ्याने त्याच्याकडून ऐकावे, अशी वाटणी होते. आणि त्या दोघांत एक बहीण असली तर वाटणी कशी होत असे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नकाशात धार आणि देवास ही इंदूरच्या दोन बाजूंना, हाकेच्या अंतरावर दिसतात. पण जिल्ह्याचे गाव म्हणजे जिल्हा नव्हे. धार जिल्ह्यात मांडूच्या पुढे पठार एकाएकी तुटते आणि खाली नर्मदेचे खोरे लागते. कुक्षी, मनावर, बाग, डही ही गावे त्या खालच्या अंगाला आहेत. देवास जिल्ह्यातही बागलीच्या पुढे घाट उतरून नर्मदेकडे गेले की देवासच्या कारखान्यांशी काही संबंध नसलेला मुलूख सुरू होतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे धार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. त्यांतील पुष्कळ कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गुजरातेत जातात. दरीतल्या गावात मोबाइलला आवाज मिळतो तो एखाद्या टेकाडावर किंवा ठराविक झाडाखाली. तेथे उभे राहून प्राध्यापकांचा तास ऐकणारा विद्यार्थी पहिला मेघ गडगडला की खाली उतरतो. हजेरीपटावर तो गैरहजर लागतो.

आवाज मिळाला तरी भाषेचा प्रश्न उरतोच. या भागातील बहुतेक विद्यार्थ्यांचे शिक्षण हिंदी माध्यमातून होते. घरची बोली माळवी, निमाडी किंवा भिली असते. देवासच्या आणि धारच्या जुन्या वाड्यांतून पवारांच्या काळापासून राहिलेली मराठी घरेही आहेत. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम मात्र बहुतांशी इंग्रजीत. वर्गात प्राध्यापक एखादी इंग्रजी व्याख्या वाचून दाखवितात, मागच्या बाकांवरचे चेहरे पाहतात आणि तीच गोष्ट हिंदीत, क्वचित् माळवीचा एखादा शब्द पेरून, पुन्हा सांगतात. पडद्यावर चेहरे दिसत नाहीत. डेटा वाचविण्यासाठी विद्यार्थ्यांनी कॅमेरे बंद ठेवलेले असतात. काळ्या चौकोनांच्या रांगेपुढे बोलणाऱ्या प्राध्यापकांना आपले सांगणे कोठे अडले हे कळण्याचा मार्गच नसतो, आणि ‘समजले का?’ या प्रश्नावर पडलेल्या शांततेचा अर्थ समजले असा घेतला जातो.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची कथा याहून निराळी आहे. रसायनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्लाचे आणि अल्कलीचे अनुमापन शिकवितात. ब्युरेटची तोटी डाव्या हाताने सांभाळावयाची, उजव्या हाताने शंकुपात्र गोल फिरवीत राहावयाचे, आणि फिनॉल्फ्थॅलीनची पहिली फिकट गुलाबी छटा टिकली की त्याच थेंबाला थांबावयाचे. एक थेंब पुढे गेला तर सारे द्रावण गडद होते आणि वाचन फुकट जाते. ही गोष्ट पडद्यावर उत्तम दिसते. वर्गातल्यापेक्षाही स्पष्ट दिसते. पण न्यूनाधिक झालेला तो एक थेंब आपल्या हातून पडला पाहिजे, आणि चूक झाल्यावर प्रयोगशाळेतील सहायकाने ‘पुन्हा करा’ म्हटले पाहिजे, त्याखेरीज हाताला शिक्षण होत नाही. 2021 च्या सप्टेंबरात मध्यप्रदेशातील महाविद्यालये पुन्हा भरू लागली तेव्हा ज्यांनी पहिले वर्ष घरीच काढले होते, त्यांना दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत उभे राहावे लागले. ही उणीव कोणत्याही गुणपत्रिकेत दिसली नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीत प्रश्न केवळ अभ्यासाचा नव्हता. खेड्यातून तालुक्याला किंवा जिल्ह्याला रोज बसने जाणारी मुलगी महाविद्यालयात व्याख्यान ऐकते, तसेच घरापासून सहा तास दूरही असते. त्या सहा तासांत ती चुलीला, पाण्याला आणि धाकट्या भावंडांना जबाबदार नसते. तिच्या मैत्रिणी असतात, वाचनालय असते, नोकरीच्या परीक्षांची पत्रके तेथेच दिसतात. महाविद्यालय मोबाइलमध्ये येऊन बसले तेव्हा तास वाचला, पण घराबाहेर पडण्याचे सबळ कारण गेले. ‘आता घरीच शिकता येते ना?’ या वाक्याला उत्तर देणे एकोणीस वर्षांच्या मुलीला अवघड आहे.

असे असले तरी दूरच्या वर्गाला सरसकट टाकाऊ ठरविणे हा अन्याय होईल. ध्वनिमुद्रित किंवा चित्रमुद्रित पाठाचा एक गुण वर्गातल्या व्याख्यानात कधीच येणार नाही: तो थांबविता येतो आणि मागे नेता येतो. बुजरा विद्यार्थी ‘पुन्हा सांगा’ असे प्राध्यापकांना दहादा म्हणू शकत नाही. मुद्रित पाठाला तो शंभरदा म्हणू शकतो. ज्या विषयाला स्थानिक महाविद्यालयात प्राध्यापकच नाही, तो विषय दूरच्या उत्तम अध्यापकाकडून ऐकावयास मिळणे ही धार किंवा खातेगावच्या विद्यार्थ्याला लहान गोष्ट नव्हे. नोकरी करून शिकणाऱ्याला तर रात्रीचा पाठ हाच काय तो पाठ.

या गुणाची आणि त्याच्या मर्यादेची साक्ष देवासला मिळते, आणि ती संगीताच्या क्षेत्रातली आहे. कुमार गंधर्व बालपणी नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उचलीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ग्रामोफोनची तबकडी हा त्या काळचा दूरचा वर्गच होता, आणि एवढा ग्रहणशील विद्यार्थी तिला क्वचितच लाभला असेल. तरीही 1936 च्या सुमारास त्यांना मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्या विद्यालयात यावे लागले. तबकडीने त्यांना दुसऱ्यांचे गाणे दिले होते. त्यांच्या स्वतःच्या गाण्याचे काय करावयाचे हे तबकडी सांगू शकत नव्हती. त्यासाठी समोर बसून ऐकणारा गुरू हवा होता. पुढे 1948 साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले, काही वर्षे गाणे बंद राहिले, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. नुसत्या ऐकण्यातून एवढे उभे राहिले हे खरे. पण ते ऐकणारा तोवर बारा वर्षे गुरुगृही घडलेला होता. पदवीच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडून तेच ऐकणे अपेक्षिले तर ती त्याची परीक्षा नव्हे, थट्टा होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 च्या मे महिन्यात मिश्र शिक्षणासंबंधी जे टिपण प्रसृत केले, त्यात कोणत्याही विषयाचा शेकडा 40 पर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविता येईल अशी कल्पना मांडलेली होती. त्याच वर्षी मध्यप्रदेशाने नवे शैक्षणिक धोरण पदवीच्या वर्गांना लागू केले. कल्पना वाईट नाही. परंतु शेकडा 40 हा आकडा अभ्यासक्रमाच्या कागदावर जितका सुबक दिसतो, तितका तो विद्यार्थ्याच्या दिवसात बसत नाही. अकरा वाजता महाविद्यालयात प्रत्यक्ष तास, साडेबारा वाजता ऑनलाइन तास आणि तीन वाजता प्रयोगशाळा, असे वेळापत्रक झाले तर मधला तास त्याने कोठे ऐकावयाचा? गावी जाऊन येणे अशक्य. एकेकाळी देवास गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे पवारांचे दोन दरबार नांदत, आणि कोणता रस्ता कोणाच्या हद्दीत हे प्रजेला लक्षात ठेवावे लागे. मिश्र वेळापत्रकाखालच्या विद्यार्थ्याची अवस्था त्या प्रजेहून फार वेगळी नाही.

म्हणूनच ऑनलाइन भाग वाढला की महाविद्यालयाच्या इमारतीची गरज कमी होईल, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. धार-देवाससारख्या ठिकाणी ती गरज वाढते. दूरचा पाठ ऐकण्यासाठी बसावयाची जागा, अखंड वीज, भरवशाचे नेट, थोडे संगणक आणि पाठ संपल्यावर शंका विचारता येईल असा कोणी जाणता माणूस, एवढे महाविद्यालयातच असले पाहिजे. कारण बागच्या किंवा उदयनगरच्या घरात ते सगळे एकत्र मिळणे दुर्घट आहे. ऑनलाइन तास दिवसभर विखुरण्यापेक्षा सलग एक-दोन दिवसांत आणले, तर ज्याला गावी राहणे सोयीचे आहे तो गावी राहील आणि ज्याला गावात नेट नाही तो महाविद्यालयात येऊन ऐकेल. पहिल्या वर्षाचे भाषाविषय आणि सर्व प्रयोग समोरासमोर ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या व्याख्यानांना पडद्यावर जागा द्यावी, हेही करता येण्यासारखे आहे. यातील कशालाही फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती वाचनालय संध्याकाळी कितीपर्यंत उघडे राहते आणि घाटाखाली जाणारी शेवटची खाजगी बस किती वाजता सुटते, या दोन वेळांची सांगड. ती आज बहुधा विद्यार्थीच घालतो, आणि पाठ अर्धा टाकून बस गाठतो.