शस्त्रांचा हिशेब



मुंबई-गोवा हमरस्त्यावर तळेरें हें गांव आहे. कोल्हापुराहून गगनबावड्याच्या बाजूनें घाट उतरणारी वाट येथें येऊन मिळते, आणि एक फांटा विजयदुर्गाकडे जातो. या तिठ्यावर उभें राहून जाणाऱ्या गाड्या मोजतां येतील. पण त्यांतील माल विकत घेतलेला, उसना आणलेला कीं फुकट मिळालेला, हें त्यावरून कळणार नाहीं. देशोदेशींच्या शस्त्रव्यवहाराचा हिशेब मांडणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे.

तळेऱ्याच्या उत्तरेस, याच रस्त्यावर, राजापूर आहे. १६६० सालीं तेथील इंग्रज वखारवाल्यांनीं पन्हाळ्याच्या वेढ्यासाठीं सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविला; वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन स्वतः तोफ घेऊन वेढ्यांत हजर झाला. गोळ्यांची किंमत वहींत लिहितां येते. परंतु तोफ डागणाऱ्याचें कसब आणि तिच्यावर फडकणारें इंग्रजी निशाण कोणत्या रकान्यांत मांडावें? शिवाजीमहाराजांनीं मात्र तेंही मोजलें. १६६१ मध्यें राजापूर लुटून त्यांनीं रेव्हिंग्टनास कैद केलें.

आजचें कोडें याहून अवघड आहे. ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ ही जुनी विमानवाहू नौका रशियानें २००४ च्या करारान्वयें भारतास फुकट दिली. पैसे घ्यावयाचे ते दुरुस्तीचे व विमानांचे. पुढें नुसत्या दुरुस्तीचीच रक्कम सुमारें ९७ कोटी डॉलरांवरून २३५ कोटींवर गेली. यास दान म्हणावें कीं विक्री? मिग विमानें नाशिकजवळ ओझर येथें परवान्यानें बांधलीं गेलीं. तीं निर्यातींत धरावींत कीं स्वदेशी मालांत?

म्हणून स्टॉकहोमची १९६६ मध्यें स्थापन झालेली शांतता-संशोधन संस्था पैसा किती फिरला हें न पाहतां लष्करी बळ किती हस्तांतरित झालें हें पाहते. नव्या शस्त्रास शंभर गुण, तर वापरलेल्यास चाळीस. त्यांत देणग्याही येतात. मात्र बंदुका-काडतुसें बहुतांशीं वगळलीं जातात. संयुक्त राष्ट्रसंघानें १९९१ मध्यें ठरविलेली नोंदवही नग मोजते. पण तींत नोंद करणें प्रत्येक राष्ट्राच्या खुषीवर अवलंबून आहे.

तेव्हां कोणी एखादा आंकडा पुढें केला, तर प्रथम विचारावें: पैसे मोजले, नग मोजले, कीं बळ? हें न सांगणारा आंकडा शस्त्र देणाऱ्याची जबाबदारी झांकतो. राजापूरच्या वहींत केवळ विक्री दिसली असती. पन्हाळ्याच्या तटावरून पाहणाऱ्यास शत्रु दिसला.