मिसिसिपीचे बुडालेले बांध

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरून वाहणारी मिसिसिपी नदी उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी ओसरल्यावर, वरवर पाहणाऱ्याला अगदी निवांत वाटते. रुंद पात्र, दोन्ही तीरांवर चुनखडीचे उंच कडे, मध्ये वाळूची बेटे आणि त्या बेटांवर वाळुंजाची दाट झाडी. मात्र नीट निरखून पाहिले, तर तीराकडून पात्राच्या मध्याकडे गेलेली एक सळसळती रेघ पाण्यावर दिसते. आजूबाजूचे सारे पाणी पुढे वाहत असते. ही रेघ मात्र आपली जागा सोडीत नाही. तिच्या आसपास, पाण्याखाली, दगडांचा एक जुना बांध निजलेला असतो.

बांध म्हटले, की मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे नदी अडविणारी भिंत उभी राहते. हा बांध तसा नव्हे. तो तीरापासून निघतो आणि मुख्य प्रवाहाच्या कडेशी येऊन थांबतो. पक्ष्याने एकच पंख पसरावा तसा. म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘विंग डॅम’ हे नाव पडले. नदी अडविणे हा त्याचा हेतू नव्हताच. पात्र अरुंद केले म्हणजे पाण्याला वेग येतो, वेगवान पाणी तळाची वाळू खरवडून नेते आणि आगबोटींना पुरेशी खोली मिळते, असा हा साधा हिशेब होता. १८७८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने सेंट पॉलपासून खाली साडेचार फूट खोलीचा जलमार्ग राखण्यास मान्यता दिली आणि लष्कराच्या अभियंता दलाने हे काम हाती घेतले. बेटांवरचा वाळुंज तोडायचा, त्याच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून गाद्या करायच्या, त्या पाण्यात सोडायच्या आणि वर दगड रचून त्यांना बुडवायचे. पुन्हा फांद्या, पुन्हा दगड. अभियंता दलातील नकाशाकार हेन्री बॉस यांनी १८८० नंतरच्या दशकात या कामांची जी निळ्या रंगातील छायाचित्रे घेतली, त्यांत हे बांध पाण्याबाहेर डोके काढून ओळीने उभे असलेले दिसतात.

आज ते दिसत नाहीत, याचे कारण नंतरचे आहे. १९०७ साली सहा फुटांची आणि १९३० साली नऊ फुटांची खोली ठरली. नऊ फुटांसाठी केवळ वाळू खरवडून भागण्यासारखे नव्हते. म्हणून १९३० नंतरच्या दशकात नदीवर आडवी धरणे आणि नौका चढविण्या-उतरविण्याचे हौद यांची मालिका उभी राहिली. पाण्याची पातळी वाढली आणि जुने बांध जागच्या जागी बुडाले. आगबोटींसाठी रचलेले ते दगड अशा रीतीने माशांच्या वाट्याला आले.

त्या माशांत मानाचे स्थान वॉलआयचे. सोनेरी-हिरवट अंग, पाठीवर दोन पर, त्यांपैकी पुढचा काटेरी, आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. डोळा मात्र विलक्षण, मोत्यासारखा धुरकट. शास्त्रीय नावातील ‘विट्रेअस’ या शब्दाचा अर्थच मुळी काचेसारखा. डोळ्यातील दृष्टिपटलामागे प्रकाश परतविणारा एक थर असतो. त्यामुळे तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात आणि गढूळ पाण्यात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. हा फायदा घेऊनच तो जगतो. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. त्यामागे त्याच्या पांढऱ्या, चवदार मांसाचा वाटा नसेल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वाहत्या पाण्यात उभे राहणे माशाला फुकट पडत नाही; क्षणोक्षणी शक्ती खर्च होते. म्हणून तो अशी जागा शोधतो, जिथे स्वतःला ओघ लागू नये, पण ओघाबरोबर येणारे अन्न मात्र हाताशी असावे. नवखा गळवाला पाण्यावरची खळबळ पाहतो आणि नेमका तिथेच गळ टाकतो. तो चुकतो. बांधावर आदळून उसळलेले पाणी पृष्ठभागी येईपर्यंत प्रवाहाबरोबर पुढे गेलेले असते; बांध जितका खोल, तितकी खळबळ त्याच्यापासून दूर. बांध खळबळीच्या वरच्या अंगाला असतो आणि भुकेला वॉलआय बहुधा त्याच्याही वर, दगडांच्या पुढच्या पायथ्याशी असतो. प्रवाह भिंतीवर आपटून फाकतो, तेव्हा तिथे थोडे मंद पाणी साचते आणि त्याच जागी लहान मासे वाहत येतात. बांधाचे टोकही असेच लाभाचे. मागच्या बाजूच्या खळग्यातही मासे असतात, पण ते बरेचदा विसाव्याला आलेले.

म्हणून जाणता मनुष्य होडी बांधाच्या बरीच वर नेऊन नांगरतो आणि गळ प्रवाहाबरोबर खाली सोडतो. दोरीच्या एका फाट्याला शिशाचे वजन, दुसऱ्या लांब फाट्याला गांडूळ, जळू किंवा लहान मासा. वजन तळाला टेकवायचे, किंचित उचलायचे, पुन्हा टेकवायचे. हाताला दगड लागला, की पायथा आला. वजनाचा फाटा मुद्दाम कच्च्या दोरीचा ठेवतात. दगडांत अडकले तर शिसे जावे, मासा जाऊ नये. पाणी एकाएकी चढू लागले, तर मासे बांध सोडून काठाकडे पांगतात आणि मग कितीही कौशल्य असो, दिवस रिकामा जातो.

या खेळात जिवाचे भय आहे, ते विसरून चालत नाही. भर वेगात आलेल्या होडीचा पंखा हातभर पाण्याखालच्या दगडांवर आदळला, तर यंत्र मोडते आणि माणसेही बाहेर फेकली जातात. नांगर नेहमी नाळेकडून टाकावा लागतो. मागच्या बाजूने टाकला, तर प्रवाह होडीवर चढतो आणि ती पाहता पाहता बुडते. शेजारच्या जलमार्गातून पंधरा-पंधरा पडावांचे ताफे ये-जा करतात. त्यांना चटकन थांबता येत नाही. अभियंता दलाच्या नदीच्या नकाशांत प्रत्येक बांधाची रेघ काढलेली असते. अनुभवी माणसेही हे नकाशे होडीत बाळगतात.

या बांधांनी नदीचे केवळ भलेच केले, असेही नाही. दोन बांधांमधील संथ पाण्यात गाळ बसला, कित्येक बाजूचे प्रवाह बुजले आणि लहान माशांची वाढण्याची ठिकाणे आटली. १९८६ साली वरच्या मिसिसिपीच्या परिसर-सुधारणेचा एक व्यापक कार्यक्रम कायद्याने मंजूर झाला. ज्या अभियंता दलाने हे बांध रचले, त्यानेच पुढे काही बांधांत मुद्दाम खाचा पाडल्या. त्या खाचांतून वाहणारे पाणी मागे नवे खळगे कोरते, तळाची खोली पुन्हा विविध होते आणि खाचेच्या दोन्ही कडांना प्रवाह व संथ पाणी यांची नवी सीमा तयार होते. आता तिन्हीसांजेला होड्या त्या खाचांच्याही वरच्या अंगाला नांगरलेल्या दिसतात.