चित्रपटविद्या आणि आपली मुले
(मंडळाच्या पाबळ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. आजचा विषय मंडळाकडे आलेल्या एका अर्जानेच आम्हांस पुरविला आहे. आपल्यापैकीच एका कुटुंबातील मुलाने चित्रपटाचे शिक्षण घेण्यासाठी शिक्षणनिधीतून साहाय्य मागितले. अर्ज वाचला गेला तेव्हा कित्येक मंडळींस हसू आले. सिनेमाला तिकीट पुरे, शिष्यवृत्ती कशाला, असेही कोणी म्हणाले. त्या हसण्यात आम्ही सामील झालो नाही. त्यास कारण आहे.

अनेक वर्षांपूर्वी आम्ही वर्गास ‘आमच्या गावची यात्रा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. सर्वांनी पालखी, कुस्त्या व रेवड्या यांचे वर्णन केले. एकाने मात्र गर्दीत बापाचा हात सुटलेली लहान मुलगी लिहिली. प्रथम तिला दिसणारे नुसते पाय. मग तिचा वर वळलेला चेहरा. मग ओळखीचे पागोटे. आणि त्या पागोट्याखाली अनोळखी माणूस. आम्ही समासात तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारून गुण कापले. यात्रेच्या तंबूतला सिनेमा हा चुकवीत नाही, हे ठाऊक असल्यामुळे वर दोन शब्दही सुनावले. पुढे तो शाळा सोडून धंद्यास लागला. दृश्यांनी गोष्ट सांगणारा त्या वर्गात तो एकटाच होता, आणि ते ओळखण्याची विद्या त्याच्या गुरुजींपाशी नव्हती, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

ही विद्या परकी आहे अशी एक समजूत आढळते. वस्तुतः आपल्या देशात तिचा पाया घालणाऱ्यांत मराठी माणसे अग्रभागी होती. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चरित्रेही अशीच पडद्यावर यावीत, या ध्यासाने ते पेटले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस गेले व यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले. मग त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा लहानसा चित्रपट केला. मोठ्या कामापूर्वी लहान अभ्यास, हा धडा विद्यार्थ्यांनी येथेच घ्यावा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. पडद्यावर येण्यास स्त्रिया राजी होईनात, तेव्हा तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने केली. सरस्वतीबाई फाळके सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याच्या कामातही हातभार लावीत. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई व कमलाबाई गोखले या मायलेकींनी भूमिका केल्या. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा असेलच.

पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या जाळ्यात जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तो शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगविला. शिरूर तालुक्यातील माणसांस ही कथा नवी नव्हे. १८७४ साली आपल्याच करड्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता आणि पुढील वर्षी सुप्यापासून भडकलेल्या दंग्यांत कर्जरोखे जाळले गेले. आपल्या मातीचे दुःख मुक्या पडद्यावर मांडणारे लोक शंभर वर्षांपूर्वी होते, हे विद्यार्थ्याने जाणावे.

आता पडद्यावर कथा सांगावयाची कशी, हे पाहू. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रभात कंपनीने १९३६ साली काढला व पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आम्ही तो प्रथम तंबूत, जमिनीवर बसून पाहिला. त्यात विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम साधेपणाने गातात, तर त्यांचे अभंग चोरणारा सालोमालो नाटकी ताना घेतो. दोघांच्या स्वभावांतील अंतर कोणी बोलून दाखवीत नाही. ते गाण्यावरूनच कळते. पोराच्या दुखण्याने कावलेली जिजाई देवळात जाऊन देवावर पायताण उगारते. संसारी बाईचा कोंडमारा त्या उगारलेल्या हातात आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’त डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. जातिभेदावरील व्याख्यानाने जे साधत नाही, ते त्या उभे राहण्याने साधते. आपले मंडळ ज्ञातीचे आहे, म्हणून हा चित्रपट आपण मुद्दाम पाहावा.

परंतु या शक्तीबरोबर जबाबदारीही येते. तिचा पाठ आपल्या पाबळातच आहे. मस्तानीची कबर आपण नित्य पाहतो. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त दोघांचे मृत्यू एकमेकांत गुंफून जणू एकाच क्षणी दाखविले आहेत. इतिहास असा की, बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस वारले; मस्तानीचा अंत त्यानंतरचा, आणि तो कसा झाला याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवून प्रेक्षकाच्या मनात एक करणे, ही संकलनाची किमया होय. ती शिकावी, पण पडद्यावरचे सत्य आणि दप्तरातले सत्य यांतील सीमा विद्यार्थ्याने स्वतःपुरती तरी स्वच्छ ठेवावी.

आता व्यवहाराचे थोडे. प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाचे विद्यालय काढले, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच स्थापन झाले. त्या विद्यालयाच्या बहुतेक मुख्य अभ्यासक्रमांस पदवी लागते, म्हणून कॉलेज अर्धवट सोडू नये. एक चांगला चित्रपट तीनदा पाहावा: प्रथम गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा वही घेऊन, कोणते दृश्य कोठे संपले व पुढचे तेथेच का सुरू झाले, हे टिपीत. जुन्याकडे पाठ फिरवू नये. मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला आहे. ‘सावकारी पाश’चा तो मूकपटही आज पाहावयास मिळत नाही. जे उरले आहे ते पाहणे, हे एक प्रकारचे पितृऋण आहे.

पालकांस इतकेच सांगणे की, या मार्गात अन्न लवकर मिळेलच असे नाही. ते मुलास आधी सांगावे. तथापि ते खेडेगावच्या शिक्षकासही कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही उपाशी राहिलो नाही.

अध्यक्षमहाराज, तो अर्ज मंजूर करावा अशी आमची नम्र सूचना आहे. निधीतील रक्कम अपुरी पडल्यास आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति भर घालण्यास आम्ही सिद्ध आहोत. तांबड्या शाईचा तो शेरा आता पुसता येत नाही. निदान दुसरा मारला जाऊ नये. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.