आकाशातला फोटो आणि आपला बांध

(चोपडा तालुक्यात वनहक्क समित्यांच्या सदस्यांचं शिबिर झालं. त्यात संघटनेच्या मोजणी गटाने केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी पाड्यावर वाचून दाखवावं.)



सकाळपासून तिघा-चौघांनी आम्हाला एकसारखाच कागद दाखवला. दावा नामंजूर. कारण एका ओळीत : उपग्रहाच्या छायाचित्रात शेती दिसत नाही. ज्याच्या हातात तो कागद आहे त्याच्या आजाने त्या जमिनीतले दगड वेचले, बापाने बांध घातला, आईने तिथे ज्वारी, तूर, उडीद पेरला. गार्डने फाडलेल्या दंडाच्या पावत्या अजून घरच्या पेटीत आहेत. आणि फोटो म्हणतो, इथे कोणी नव्हतंच.

मग माणूस बिचकतो. साहेब खोटं बोलेल, पण मशीन कसं खोटं बोलेल, असं त्याला वाटतं. काही साथी तर कागद घडी करून घरी ठेवून देतात. म्हणून आज आपण त्या मशीनचीच गोष्ट करू. मशीन खोटं बोलत नाही, पण ते अर्धंच बघतं, आणि त्याने पाहिलेल्याचा अर्थ लावणारा माणूसच असतो.

फोटो कसा निघतो ते आधी समजून घ्या. आपल्या देशाचे उपग्रह सहाशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा फोटो लहान-लहान चौकोनांचा बनतो, गोधडीला ठिगळं असतात तसा. एका चौकोनाला एकच रंग. आता तो चौकोन जमिनीवर केवढा? 2003 साली सोडलेल्या रिसोर्ससॅट उपग्रहाचा एक कॅमेरा आहे, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद. गुंठ्यात सांगायचं तर साडेपाच गुंठे. म्हणजे तुमच्या एकराचे झाले सात चौकोन. एका चौकोनात थोडं वावर, थोडा नाला, कडेचा मोह, शेजारचं सागाचं झाड, सगळं आलं. रंग मात्र एकच मिळणार. डोंगरउतारावरची आपली नेवाड तर कुठे पंधरा, कुठे वीस मीटर रुंद असते. ती अशा चौकोनात झाडांत मिसळून जाते.

याहून बारीक फोटो काढणारे उपग्रह आहेत. कार्टोसॅट-1 चा चौकोन अडीच मीटरचा, त्यात बांधसुद्धा ओळखू येतो. पण तो आकाशात गेला मे 2005 मध्ये. आपल्या कायद्याची तारीख आहे 13 डिसेंबर 2005. मध्ये जेमतेम सात महिने. त्यातले चार पावसाळ्याचे, ढगांचे. म्हणून कोणी सांगितलं की आमच्याकडे 1995 चा फोटो आहे आणि त्यात तुमचं शेत नाही, तर लगेच विचारा, साहेब, तो किती मीटरचा?

दुसरी गोष्ट ऋतूची. आपलं सातपुड्याचं जंगल पानगळीचं. होळीनंतर साग, सालई, अंजन यांची पानं झडलेली असतात. त्या वेळी वरून पाहिलं तर जंगलाचा डोंगर नांगरलेल्या वावरासारखा उघडा दिसतो. भाद्रपदात उलट होतं. ज्वारी, मका डोक्याएवढा असतो आणि शेत, जंगल सगळं हिरवंच. या फोटोत हिरवळ बहुतेक वेळा लाल रंगात दाखवतात, तेव्हा लाल बघून घाबरू नका. लाल म्हणजे जिवंत पानं. ती सागाची की मक्याची, ते पुढे माणसाला ठरवावं लागतं. डिसेंबरात तर खरीप निघालेला असतो, आपल्याकडे डोंगरावर रब्बीला पाणी नाही, वावरात फक्त खुंट असतात. तो फोटो बघून हैदराबादचा किंवा मुंबईचा माणूस लिहील, पडीक. त्याचं चुकलं असं त्याला वाटणारही नाही.

शिवाय आपण मोहाचं झाड कधी तोडत नाही. वावराच्या मध्ये मोह, बांधावर चारोळी, टेंभुर्णी. वरून ते झाडच दिसतं. झाड जपलं म्हणून जमीन जंगल ठरली, असा उलटा न्याय होतो. एखाद्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला तुकडा पडीक टाकला, तर त्या वर्षीचा फोटो म्हणतो शेती नाही.

म्हणून साथींनो, फोटो समोर आला की चार प्रश्न विचारायचे. पाठ करून टाका. कोणत्या उपग्रहाचा? चौकोन किती मीटरचा? कोणत्या तारखेचा? आणि त्या फोटोवर माझ्या शेताची हद्द कोणी आणि कशी बसवली? हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हद्द पन्नास मीटर सरकली तर तुमचं शेत शेजारच्या टेकडीवर जाऊन बसतं. तिथे झाडंच असणार.

आता कायदा काय म्हणतो? 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, नियम 13 मध्ये, पुराव्यांची यादी आहे. त्यात उपग्रहाचा फोटो आहे, हे खरं. पण त्याच यादीत जनगणनेचे व सर्व्हेचे कागद आहेत, रेशनकार्ड आहे, घर-झोपडी आहे, बांध आणि सपाटीकरण आहे, जुनी विहीर आहे, देवाची जागा आहे, मसणवटा आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलंही आहे. एकाहून जास्त पुरावे विचारात घ्या, असा नियमच आहे. आणि 2012 साली नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा नियम 12-अ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की उपग्रहाचा फोटो आणि असली तंत्रं बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून घेता येतील, त्यांच्या जागी घेता येणार नाहीत.

आपल्या शेजारी, नंदुरबारच्या हद्दीला लागून, गुजरातेत सागबारा आणि डेडियापाडा तालुके आहेत. गुजरातेत सरकारने फोटोवर भिस्त ठेवून ढीगभर दावे नाकारले. हे प्रकरण गुजरातच्या उच्च न्यायालयात गेलं. 2013 साली न्यायालयाने सांगितलं की एकट्या फोटोवर दावा फेटाळता येत नाही, बाकीचे पुरावे बघा, दावे पुन्हा तपासा. तिथल्या साथींची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते नुसते फोटोला शिव्या देत बसले नाहीत. गावातल्या पोरांनी जीपीएसचं यंत्र हातात घेतलं, शेताशेताच्या कडेने चालले, आणि सरकारी संस्थेचेच बारीक फोटो मिळवून त्यावर आपल्या हद्दी बसवल्या. मग ज्या फोटोने शेत पुसलं होतं तसलाच बारीक फोटो शेताचा साक्षीदार झाला.

हेच आपल्याला करायचं आहे. कसं, ते सांगतो.

मोजणीला वनहक्क समिती, दावेदार आणि दोन्ही बाजूंचे शेजारी हजर पाहिजेत. वनखात्याला आणि दावेदाराला आधी कळवायचं आणि त्याची पोच ठेवायची. यंत्र प्रत्येक कोपऱ्यावर न्या. झाडाखाली किंवा खोल दरीत यंत्राला उपग्रह नीट सापडत नाहीत, म्हणून थांबा. यंत्रावर अचूकता किती मीटर ते लिहून येतं. ती उतरेपर्यंत बिडी ओढा, घाई करू नका. चौकोनी एक एकराचा हिशेब बघा. चारही बाजूंनी हद्द पाच-पाच मीटर आत आली, तर चाळीस गुंठ्यांतले साडेअकरा गुंठे गेले! पाच मीटर म्हणजे बैलजोडी वळते तेवढी जागा.

आकडा वहीत उतरवताना दशांश चिन्हाच्या पुढचे पाच आकडे लिहा. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. चौथा म्हणजे अकरा मीटर. कोणी कंटाळून तीनच आकडे लिहिले तर शंभर मीटरची चूक होऊ शकते. मग टेकडी बदलते. आणखी एक : नकाशा जमीन सपाट धरून मोजतो. तीव्र चढाची जमीन दोरीने भरते त्यापेक्षा नकाशात कमी भरते. हे सगळीकडेच होतं, त्यावरून मोजणाऱ्याशी भांडू नका. पण सह्या करण्याआधी आकडा वाचून घ्या, आणि पंचनाम्यात बांध, विहीर, मोह, देव, सगळं लिहून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे, उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जाता येतं. मुदत 60 दिवसांची आहे. कागद पेटीत ठेवला तर मुदत पेटीतच संपते. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हुसकता येत नाही, हे कलम 4(5) मध्ये आहे.

आता एक कडू गोष्ट. ती आपल्यातच बोलली पाहिजे. हा फोटो दुधारी आहे. 2005 मध्ये जिथे दाट झाडं होती आणि 2010 मध्ये जिथे वावर आहे, तेही फोटो दाखवतो. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, सगळीकडे काही ठिकाणी तारखेनंतर जंगल साफ झालेलं आहे. कुठे बाहेरच्यांनी केलं, कुठे आपल्यातल्या कोणी केलं. असा दावा जुन्या दाव्यांच्या गठ्ठ्यात घातला, तर तो एक फोटो शंभर खऱ्या दाव्यांना खोटं पाडायला वापरला जाईल. ज्याच्या आजाने दंड भरला, मार खाल्ला, त्याची जमीन कोणाच्या लबाडीने जाता कामा नये. म्हणून आमचं म्हणणं आहे की हे फोटो आधी ग्रामसभेने बघावेत. खरा दावा कोणता, हे गावाला माहीत असतं. वाईट वाटेल, भाऊबंदकी होईल, तरी तिथेच निकाल लावा. जो स्वतःच्या माणसाला नाही म्हणू शकतो, त्याच्या हो ला किंमत येते.

शेवटचं. नकाशा फक्त एकट्याच्या शेतासाठी नको. सामूहिक हक्काचा दावा करायचा तर गावाच्या जंगलाची हद्द पाहिजे. तो नकाशा आधी जमिनीवर काढा, राखेने, पिठाने, दगडांनी. वैशाखात पाणी कुठल्या झिऱ्याला राहतं हे बाया सांगतील, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. समितीत एक तृतीयांश बाया कायद्यानेच आहेत, चालतानाही त्या पुढे पाहिजेत. तेंदूपत्ता कुठे, चारा कुठे, गुरांची वाट कोणती, दरवर्षी वणवा कुठून चढतो, हे सगळं त्यावर येऊ द्या. मग यंत्राने जागा घ्या आणि फोटोवर बसवा. पाच वर्षांनी नवा फोटो शेजारी ठेवला की जंगल वाढलं की विरळ झालं, बांध घातला त्याच्या खाली ओल टिकली की नाही, हे आपलं आपल्याला दिसेल.

पण फोटो जंगल राखत नाही. आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने सुमारे अकराशे एकर जंगल राखलं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्या हातात असला फोटो नव्हता. गावाने बसून नियम केले, तोडणाऱ्याला दंड लावला, पाणी अडवलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली 1,809 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागेही वर्षानुवर्षांच्या ग्रामसभा होत्या. फोटो नंतर येतो, आधी सभा.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक समितीने तीन गोष्टी आणायच्या. नामंजूर दाव्यांची यादी, कागद मिळाल्याच्या तारखेसह. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, जेवढे होतील तेवढे, लवकर, कारण म्हातारी माणसं थांबत नाहीत. आणि यंत्र शिकायला दोन पोरं, दोन पोरी. यंत्र संघटना देईल. बांध कुठे आहे ते तुम्ही दाखवायचं.

जिंदाबाद!