बिअरचा हिशेब

आदिलाबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांपुढे बिअरवर बोलणे नवलाचे वाटेल. आम्हा जैनांत मद्य वर्ज्यच. पण दवाखान्यात एक वाक्य सतत कानी येते : “डॉक्टर, दारू नाही, फक्त बिअर घेतो.”

ही बिअर बहुधा किंगफिशर. ती बनवणारी युनायटेड ब्रुअरीज थॉमस लीशमन यांनी १९१५ साली दक्षिणेतील मद्यनिर्मितीचे कारखाने एकत्र करून उभारली. १९४७ साली विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले. तेलंगणात घाऊक खरेदी सरकारी महामंडळाचीच. दरवाढ व थकबाकीवरून कंपनीने ८ जानेवारी २०२५ रोजी पुरवठा थांबवला, २० तारखेला पुन्हा सुरू केला. फेब्रुवारीत बिअरचे दर १५ टक्के वाढले.

भावाचा हिशेब सर्वांना कळला. आता बाटलीचा करू. स्ट्राँग बिअरमध्ये मद्यार्क ८ टक्क्यांपर्यंत असतो. ६५० मिलीत तो ५२ मिली भरतो. व्हिस्कीत ४२.८ टक्के, ६० मिलीच्या दोन पेगांत ५१ मिली. म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांएवढी. यकृत लेबल वाचत नाही.

आवड ज्याची त्याची. पण घरातला तरुण “बिअरच तर आहे” म्हणेल, तेव्हा रागावू नका. कागद घ्या आणि हा गुणाकार त्याच्याकडूनच करवून घ्या.