चार मिलिमीटर



संगणकावर बोलायचं नाही, या अटीवर मला माइक मिळालाय. म्हणून सायकलवर बोलते.

इंग्लंडमध्ये आमच्या शेजारच्या आजोबांनी गुडघे थकल्यावर त्यांची १९८०च्या सुमाराची रेसिंग सायकल मला दिली. सांगाडा रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांचा. बर्मिंगहॅमचं हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद १९३५ साली आलं, आणि अजून लोक त्याचं नाव प्रेमाने घेतात. पण मागे गिअर सहाच, आणि चढावर त्यातला सगळ्यांत हलकाही मला जड.

मला दहा गिअरचं चाक हवं होतं. त्याच्या हबची रुंदी १३० मिलिमीटर, आणि सांगाड्यात जागा १२६. हाताने फाकवून चाक बसतं, पुष्कळजण तसंच चालवतात. मला ते पटत नाही. दर पंक्चरला झटापट, शिवाय चाक धरणारी दोन्ही टोकं समांतर राहत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे सांगाडा न तापवता वाकवून कायमचा रुंद करायचा. हे फक्त पोलादाला चालतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनवर करू नका, तडा जाईल.

पण सायकल आजोबांची. विचारलं, तर म्हणाले, "भिंतीवर टांगायची असती तर तुला कशाला दिली असती?"

प्रत्येक बाजू दोन मिलिमीटर, एकेक करून. पोलाद मागे उसळतं, म्हणून दर वेळी थोडं जास्त रेटायचं, सोडायचं, मोजायचं. मग मागच्या एका टोकाला दोरा बांधून, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडे दोरा सारख्या अंतरावर हवा. मापाला कंपासपेटीतली पट्टी पुरली. भूमितीच्या बाईंना हे मुद्दाम सांगते.

डिरेलर जिथे लटकतो तो कान मात्र दुकानात सरळ करून घेतला. जुन्या लिव्हरला खटके नव्हते, कानाने ऐकत गिअर शोधायचा. नव्यात एका खटक्याला ठरलेलंच अंतर. कान जरा वाकडा असला की साखळी कुरकुरते.

ब्रेकचं थोडक्यात निभावलं. जुनी २७ इंची रिम ६३० मिलिमीटरची, नवी ६२२ची, म्हणजे रबर चार मिलिमीटर खाली. खाचेत तेवढी जागा होती.

सायकल दाखवायला नेली, तर आजोबांनी आधी मागचं चाक काढलं आणि परत बसवलं. कुठे ओढावं लागलं नाही. मग म्हणाले, "जा, चढावर घेऊन जा."